वर काय राहिलं होतं?

वयाची पन्नाशी उलटल्यावर मला धावण्याचा नाद लागला. डॉक्टरांनी रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला सांगितली म्हणून पहाटे भुईगावच्या किनाऱ्यावर चालू लागलो, चालता चालता पळू लागलो आणि पुढे पुढे पळाल्याशिवाय करमेना. हळूहळू मन किनाऱ्यावरून डोंगराकडे वळले. सह्याद्रीतल्या पायवाटांवर हल्ली धावण्याच्या शर्यती भरतात. त्यांना ‘ट्रेल रन’ म्हणतात. डांबरी रस्ता नाही, दुतर्फा टाळ्या वाजवणारी गर्दी नाही. दगडधोंडे, गवत, कारवीची झुडपे आणि वारा. त्या वाटेवर एकदा धावलेल्या माणसाला रस्त्यावरचे धावणे अळणी वाटू लागते.

अशा शर्यतीला स्वयंसेवक फार लागतात. शहरात तहान लागली तर कोपऱ्यावर दुकान असते. डोंगरात मात्र सहा-सात किलोमीटरवर मांडलेले पाण्याचे टेबल हाच काय तो आधार. तिथे पाणी, मीठ, केळी, संत्री आणि इलेक्ट्रॉल घेऊन कुणीतरी उभे असले पाहिजे. काही वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातल्या एका शर्यतीत मी असाच उभा राहायला गेलो होतो. गुडघा कुरकुरत होता म्हणून शर्यतीत नाव घातले नव्हते. शनिवारी संध्याकाळची मिस्सा करून निघालो आणि रात्री उशिरा डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलो. त्या दिवशी जे घडले ते तसे किरकोळ होते. कुणी जखमी झाले नाही, कुणी मला बोल लावला नाही. तरीही ते मनातून जात नाही म्हणून आज वाचकांसमोर मांडत आहे.

आमचा थांबा एका वाडीजवळ होता. तिथून पुढे वाट खिंडीत चढत होती, अंदाजे चार किलोमीटर. थांब्यावर आम्ही दोघे होतो, मी आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा. सकाळी सात ते दुपारी दोन ही आमची वेळ. खरे सांगायचे तर सेवेइतकीच मला त्या खिंडीची ओढ होती. गुडघ्याला शर्यत झेपणार नव्हती, पण पहाटे उठून हळूहळू खिंडीपर्यंत जाऊन यावे आणि सातला टेबलापाशी हजर व्हावे, असा माझा बेत होता. पण पाण्याचे जार घेऊन येणारा टेम्पो दोन तास उशिरा आला. पहाट जार उतरवण्यात गेली. निम्मे जार टेबलाजवळ ठेवले, उन्हाने तापू नयेत म्हणून निम्मे माझ्या गाडीच्या डिकीत ठेवले. मिठाच्या आणि इलेक्ट्रॉलच्या जादा पुड्याही डिकीतच राहिल्या.

साडेआठच्या सुमारास पहिले धावपटू आले. पुढचे दोन तास मान वर करायला फुरसत नव्हती. बाटल्या भरायच्या, केळी सोलून द्यायची, छातीवरचा नंबर लिहून घ्यायचा, पुढची वाट दाखवायची. पावणेअकराला पुढचा घोळका निघून गेला. मागचा यायला अवकाश होता. टेबल शांत झाले. मी खिंडीकडे पाहिले. आभाळ स्वच्छ होते, वाट समोर होती, पायात बूट होते.

मी त्या मुलाला म्हणालो, “अर्ध्या तासात वर जाऊन येतो. चालेल ना?”

तो म्हणाला, “चालेल काका.”

अर्ध्या तासात निम्म्या वाटेपर्यंत जाऊन परत येता आले असते. मी निम्म्या वाटेवर पोहोचलो तेव्हा खिंड अगदी हाताशी आल्यासारखी दिसत होती. इतके आलोच आहोत तर, असे म्हणत मी पुढे गेलो. वर पोहोचलो. पलीकडच्या दरीतून येणारा वारा अंगावर घेतला. ती पाच मिनिटे फार सुंदर होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. उतरताना दोन धावपटू चढत येताना दिसले. एकाने विचारले, “पुढे पाणी कुठे आहे हो? खाली संपत आलंय.” त्याची बाटली जेमतेम अर्धी होती.

तेव्हा कमरेच्या पाऊचमध्ये इतका वेळ खुळखुळणारी ती वस्तू काय आहे हे माझ्या ध्यानात आले. गाडीची किल्ली माझ्यापाशी होती.

मी खाली पोहोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. टेबलापाशी तो मुलगा नव्हता. एक धावपटू वांत्या करत आला होता, पायात गोळे आले होते. त्याला आधार देत तो मुलगा खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेकडे घेऊन गेला होता. टेबलावरचे जार रिकामे होते. आणि टेबलामागे वाडीतली एक मावशी उभी होती. सकाळपासून ती ओट्यावर बसून आमची गंमत पाहत होती. मुलाने जाता जाता तिला, “जरा बघता का मावशी,” असे सांगितले होते. जार संपल्यावर तिने घरात भरून ठेवलेले दोन हंडे आणून टेबलाशी ठेवले आणि तांब्याने ती लोकांच्या बाटल्या भरत होती. विहीर वाडीच्या खालच्या अंगाला होती. ते दोन हंडे तिने पहाटे डोक्यावर वाहून आणले होते.

मी घाईने डिकी उघडली, जार काढले. ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या स्वरात राग नव्हता, केवळ कुतूहल होते. तिने विचारले, “वर गेला व्हता व्हय? काय ऱ्हायलं व्हतं का वर?”

तिला खरोखरच वाटले होते की माझे काहीतरी वर विसरले असावे. त्याशिवाय कामावरचा माणूस काम सोडून डोंगर कशाला चढेल? माझ्याकडे उत्तर नव्हते. “काही नाही मावशी,” एवढेच म्हणालो.

तासाभराने तो मुलगा परत आला. आजारी धावपटूला बरे वाटत होते. मी माफी मागितली. तो म्हणाला, “ठीक आहे काका.” त्याने रागावून चार शब्द ऐकवले असते तर मला बरे वाटले असते.

घरी परतताना मी स्वतःची वकिली बरीच केली. पहिला मुद्दा असा की मी काही पगारी नोकर नव्हतो. स्वखुशीने, स्वतःच्या खर्चाने गेलो होतो. मग माझ्या वेळेवर माझा थोडाफार हक्क नको का? हा मुद्दा वरवर बरा दिसतो, पण टिकत नाही. पगारी माणूस गैरहजर राहिला तर त्याचा पगार कापता येतो. स्वयंसेवकाचे काय कापणार? त्याला बांधून ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याचा शब्द. म्हणून फुकट केलेल्या कामात शब्दाचे मोल कमी होत नाही. उलट सारा भार त्याच्यावरच येतो. सात ते दोन हा वेळ मी देऊन टाकला होता. दिलेली वस्तू पुन्हा आपली म्हणून वापरता येत नाही.

दुसरा मुद्दा असा की मी विचारून गेलो होतो. पण कुणाला विचारून? माझ्या निम्म्याहून कमी वयाच्या मुलाला. आपल्याकडे असा मुलगा वडीलधाऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणतो का? त्याचा होकार मी गृहीत धरला होता, विचारणे हा केवळ उपचार होता. आणि ज्यांच्या बाटल्या अर्ध्या राहिल्या त्यांना तर मी विचारलेच नव्हते. त्या मावशीला विचारले नव्हते. माझ्या आनंदाची किंमत अशा माणसांनी मोजली ज्यांना आपण काही मोजत आहोत हे ठाऊकही नव्हते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. ठरवले की सेवेला जायचे तर बूट घरी ठेवून जायचे. सेवेत स्वतःचे सुख मिसळले की ती सेवा राहत नाही. पण हा निश्चयही मला फार काळ पटला नाही. आणि या प्रश्नावर थोरामोठ्यांचेही एकमत नाही हे वाचनातून कळले.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात हा प्रश्न घेतला आहे. एखाद्याला इतरांना मदत करण्यात मुळातच आनंद वाटतो आणि म्हणून तो मदत करतो. त्याचे वागणे चांगले आहे, कौतुकास्पद आहे. पण त्या वागण्याचे खरे नैतिक मोल कधी दिसते? मनात काडीचाही उत्साह नसताना, केवळ कर्तव्य म्हणून तो उठतो आणि मदत करतो तेव्हा. कांट यांच्याच काळातला कवी शिलर याने यावर मिस्किल टोला हाणला. मित्रांना मदत करताना मला आनंद होतो, तेव्हा मी सद्गुणी नाहीच की काय, अशी शंका त्याने गंमतीने उपस्थित केली. त्याच्या दोन हजार वर्षे आधी ॲरिस्टॉटल याने तर उलटेच सांगून ठेवले होते. सत्कृत्य करताना ज्याला आनंद होत नाही तो माणूस अजून पुरता चांगला झालेलाच नाही, असे त्याचे मत.

मला वाटते, दोघांच्याही म्हणण्यात आपल्या उपयोगाचे काही आहे. कांट सांगतात की आनंद ओसरला तरी टेबलापाशी उभा राहतो तो खरा. अकरा वाजता माझा उत्साह ओसरला आणि मी गेलो. म्हणजे तोवर मला उभे ठेवणारा तो उत्साहच होता. आणि ॲरिस्टॉटल सांगतो की आनंदाशी वैर धरू नका. याचा अनुभव आपल्याला गावच्या सणाला येतो. पहाटेपासून राबणारा, पंगतीमागून पंगत वाढणारा, स्वतः घोटभर चहाही न घेतलेला एखादा कार्यकर्ता असतो. दुपारी तोच पानावरच्या माणसावर खेकसतो. संध्याकाळी, मी सकाळपासून पोटात काही घातले नाही, हे तो दहा जणांना ऐकवतो. त्याचा उपवास आपल्या सगळ्यांच्या माथी येतो. त्याने सकाळी दोन घास खाल्ले असते तर सेवा कमी झाली असती का? उलट ती गोड झाली असती.

तेव्हा सेवेत आपले सुख असावे की नसावे, हा प्रश्नच बहुधा चुकीचा आहे. खरा प्रश्न असा, की माझ्या सुखासाठी कुणाची बाटली अर्धी राहते आहे?

असा प्रश्न विचारला की मार्ग दिसू लागतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ‘वेस्टर्न स्टेट्स’ नावाची डोंगरातली शर्यत आहे, सुमारे १६१ किलोमीटरची. ती मुळात घोडेस्वारांची वाट. १९७४ साली गॉर्डी एन्सली नावाचा तरुण घोड्यांच्या शर्यतीत घोड्याशिवाय उतरला आणि ते सारे अंतर त्याने चोवीस तासांच्या आत पायी पार केले. त्यातून पुढे धावपटूंची वेगळी शर्यत उभी राहिली. आज तिथे धावण्याची संधी मिळालेल्या प्रत्येकाला आठ तास स्वयंसेवा करावी लागते. एखाद्या शर्यतीत पाणी वाटा, नाहीतर पावसाने वाहून गेलेली पायवाट दुरुस्त करा. म्हणजे धावणे आणि सेवा यांना तिथे एकमेकांचे शत्रू मानत नाहीत. जो आज धावतो त्याने कधीतरी दुसऱ्यासाठी उभे राहायचे, एवढीच अट. पण ते आठ तास वेगळे आणि धावण्याचे तास वेगळे. एकाचे तास दुसऱ्यातून चोरायचे नाहीत.

याच शर्यतीत धावपटूंना एक नदी ओलांडावी लागते. पाण्यातून आडवा दोर बांधलेला असतो आणि थंडगार पाण्यात स्वयंसेवक रांगेने उभे असतात. धावपटू दोराला धरून, त्यांच्या आधाराने पलीकडे जातो. आता त्या रांगेतल्या एखाद्याला वाटले की सध्या गर्दी नाही, जरा पलीकडच्या टेकडीवर जाऊन येतो, तर? त्याची जागा घ्यायला दुसरा पाण्यात उतरला की त्याने खुशाल जावे, अंग कोरडे करावे, हवे तर टेकडीवर धावावे. त्याच्याआधी नाही. मी माझ्या जागी कुणाला उभे न करताच पाण्यातून निघून गेलो होतो, एवढाच माझ्या चुकीचा अर्थ.

पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच शर्यतीला गेलो आणि संयोजकांकडे काम मागतानाच सरळ सांगितले की मला ती वाट धावायचीही आहे. ते म्हणाले, मग स्वीपर व्हा. शर्यतीत काही कामे अशी असतात ज्यांत धावणेच अभिप्रेत असते. आदल्या दिवशी कुणीतरी वाटेवर झाडांना खुणेच्या फिती बांधत जातो. आणि शर्यतीच्या दिवशी कुणीतरी शेवटच्या धावपटूच्या मागून येतो, फिती सोडवत, कचरा उचलत, मागे कुणी राहिले नाही ना हे पाहत. त्याला स्वीपर म्हणतात. माझ्या वाट्याला त्याच वाडीपासून खिंडीपलीकडच्या रस्त्यापर्यंतचा टप्पा आला. विचारले असते तर आदल्या वर्षीही हे काम मिळाले असते, पण मला ते सुचले नव्हते. आपली इच्छा लाजेने लपवली की ती आडवाटेने बाहेर पडते. ती उघडपणे सांगितली तर तिच्यासाठी बहुधा जागा निघते.

सर्वात शेवटी माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्या थकल्या होत्या. आमचा टप्पा मी एकटा असतो तर तासाभरात संपवला असता. आम्हाला अडीच तास लागले. त्या थांबल्या की मी थांबत होतो. खिंडीत पोहोचल्यावर त्या एका दगडावर बसल्या आणि दरीकडे पाहत राहिल्या. मीही बसलो. वारा तोच होता. आदल्या वर्षी तिथे मी पाच मिनिटे उभा होतो आणि मनात घड्याळ टिकटिकत होते. या वेळी घाई नव्हती, कारण मी जिथे असायला हवे होते तिथेच होतो. मी मनासारखा धावलो का? नाही, बहुतेक वाट चाललोच. पण खिंड मला मिळाली आणि तिच्यासाठी कुणाला तहानलेले राहावे लागले नाही.

‘वेस्टर्न स्टेट्स’ची २०१५ सालची गोष्ट मला तेव्हा आठवली. त्या वर्षीची शेवटची स्पर्धक होती गुनहिल्ड स्वॉन्सन, वय ७० वर्षे. तीस तासांची मुदत संपायला ६ सेकंद उरले असताना तिने शेवटची रेघ ओलांडली. अखेरच्या टप्प्यात तिच्या जोडीने धावणाऱ्यांत रॉब क्रार होता, त्याच वर्षीचा पुरुषांमधला विजेता. अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ आधी त्याची स्वतःची शर्यत संपली होती, पायात साध्या चपला होत्या. स्वतःची शर्यत त्याने स्वतःच्या वेगाने धावली आणि नंतरचा तो तुकडा तिच्या वेगाने. दोन्हींत आनंदच होता. पण कोणता तुकडा कुणाचा हे त्याला ठाऊक होते.

प्रिय वाचकहो, तुमच्यापैकी बरेच जण डोंगरात धावणार नाहीत. पण हा प्रश्न तुमच्याही घरी आहे. कुणी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा करते आहे आणि तिला दिवसातून अर्धा तास मोकळ्या हवेत फिरून यावेसे वाटते. कुणी इस्पितळात रुग्णापाशी रात्र काढतो आहे आणि त्याला फुटबॉलचा सामना पाहायचा आहे. कुणी सणाच्या समितीत आहे आणि त्याला आपल्या मुलांबरोबर जत्रेत हिंडायचे आहे. या इच्छांबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. माणूस दोर नाही, त्याला विसावा लागतो. फक्त तीन गोष्टी कराव्यात. इच्छा आधीच उघडपणे सांगावी, म्हणजे दुसऱ्याला खऱ्या अर्थाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल. आपल्या जागी कुणीतरी उभा राहिल्यावरच निघावे. आणि अर्धा तास म्हटले की अर्ध्या तासात परत यावे, खिंड कितीही जवळ दिसली तरी. आणि घरात एकच माणूस रात्रंदिवस सेवा करत असेल, तर त्याने मागण्याची वाट न पाहता बाकीच्यांनी म्हणावे, “तू जाऊन ये, तोवर मी बसतो.”

त्या दुसऱ्या वर्षी माझे काम सुरू व्हायला दोन तास होते. मी मावशीच्या घरी गेलो, ओळख दिली. तिला मी आठवत नव्हतो, हंडे मात्र आठवत होते. मी तिचे दोन हंडे घेऊन विहिरीवर गेलो. शेंदायची सवय नाही, वाहायची तर मुळीच नाही. वाडीपर्यंत येईतो एक हंडा निम्मा सांडला होता. ती हसली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या आता, पळायला जायचंय न्हवं तुमाला?”

“जायचंय,” मी म्हणालो, “पण अजून एक खेप राहिलीय.”